पेशी आपली, भिंगही आपले

२५ जून २०२५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास आपल्या विद्यालयाच्या सभागृहात आठवी ते दहावीची मुले-मुली पडद्यासमोर दाटीवाटीने बसली होती. अमेरिकेतील केनेडी अंतराळ केंद्रावरून भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अंतराळात निघाले होते. यान झेपावले तेव्हा मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नंतर आम्ही त्यांना सांगितले की, शुक्ला तेथे केवळ प्रवासाला गेलेले नाहीत; भारतीय संस्थांनी दिलेले सात प्रयोग ते करणार आहेत, आणि त्यांपैकी एक बंगळुरूच्या 'इनस्टेम' या मूलपेशी संशोधन संस्थेचा आहे. वजनरहित अवस्थेत स्नायूंच्या पेशी नव्याने कशा वाढतात, याचा शोध त्यात घ्यावयाचा आहे. त्यावर मागच्या रांगेतून ऊसतोड कामगाराच्या एका मुलाने विचारले, "सर, ह्यात आपल्यातलं कुणी हाय का?"

सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनातून गेला नाही. तीस वर्षे इतिहास शिकवीत असताना आम्ही मुलांना हाच प्रश्न विचारायला शिकविले होते: सत्ता कोणाची होती, जमीन कोणाची होती, पाणी कोणाचे होते? मग प्रयोगशाळा कोणाची, हे त्याने विचारले तर त्यात हसण्यासारखे काय होते? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मुलाला उशिरा का होईना, उत्तर द्यावे असे आम्हांस वाटते.

मूलपेशी, म्हणजे वर्तमानपत्रांतून ज्यांना स्टेम सेल म्हटले जाते त्या पेशी, या शरीरातील राखीव पेशी होत. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि गरजेनुसार रक्ताच्या, हाडाच्या वा स्नायूच्या पेशीही होऊ शकतात. आपल्या अस्थिमज्जेतील मूलपेशी आयुष्यभर रक्त तयार करीत असतात. २००६ साली जपानचे शिन्या यामानाका यांनी याहून आश्चर्यकारक गोष्ट दाखविली. त्यांनी उंदराच्या त्वचेतील पूर्ण वाढलेली पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेली. एकदा त्वचेची झाली म्हणजे ती कायमची त्वचेचीच, हा समज त्यामुळे मोडला. २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सारे संशोधन एका साध्या कौशल्यावर उभे आहे. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवणे व वाढविणे, म्हणजेच पेशीसंवर्धन, हे ते कौशल्य. भारतात त्याचा पाया घालणाऱ्यांत एका मराठी स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. ते नाव डॉ. कमल रणदिवे यांचे. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कमलताई हुजूरपागेत व पुढे फर्ग्युसनमध्ये शिकल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम. एस्सी. करताना त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. आपल्या बालाघाटाच्या डोंगरउतारावर वाढणाऱ्या सीताफळाच्याच कुळाची ही हकीकत आहे, म्हणून मुद्दाम सांगितली. पुढे मुंबईत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर संशोधन करून १९४९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. त्यानंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी त्या केंद्राची धुरा वाहिली. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापिली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

या कर्तृत्वापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस त्या चरित्रातील आणखी एक गोष्ट दिसते. पेशी हवेवर वाढत नाही. तिला पोषक द्रव लागतो, ठराविक उष्णता लागते, स्वच्छता लागते, आणि कोणीतरी दररोज तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. संशोधकाचेही तसेच आहे. प्राध्यापक वडील, मुलींची उत्तम शाळा, प्रयोगशाळा असलेले महाविद्यालय, जाणता मार्गदर्शक आणि परदेशी जाण्याची संधी हे सारे पोषण कमलताईंच्या बुद्धीला मिळाले व त्यांनी त्याचे सोने केले. त्याच काळात निजामी राज्यातील मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, आमचे आजोबा वेशीबाहेर राहत होते. शाळेची पायरी त्यांना माहीत नव्हती. त्यांच्या पिढीत बुद्धीची उणीव नव्हती; उणीव पोषणाची होती. कारणांवाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आम्ही दररोज वंदनेनंतर मुलांना सांगतो. ती येथेही लागू आहे.

आता जॉर्ज गाय यांच्या त्या प्रयोगशाळेकडे वळू. १९५१ च्या आरंभी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री उपचारांसाठी आली. तंबाखूच्या शेतात राबलेले ते कुटुंब होते, आणि रुग्णालयात काळ्यांसाठी वेगळे कक्ष होते. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. तिला न विचारता तिच्या गाठीचा तुकडा काढून गाय यांच्याकडे पाठविण्यात आला. तोवर मानवी पेशी काचेच्या भांड्यात काही दिवसांतच मरत. या पेशी मात्र मेल्या नाहीत, दिवसागणिक दुप्पट होत राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या ३१ व्या वर्षी हेन्रिएटा गेली. 'हेला' या नावाने तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या. पोलिओच्या लसीची परीक्षा त्यांच्यावर झाली. १९६० साली सोव्हिएत उपग्रहातून त्या अंतराळातही गेल्या. तिच्या कुटुंबाला मात्र हे १९७० च्या दशकापर्यंत ठाऊक नव्हते. त्या पेशींच्या विक्रीवर नफा कमावणाऱ्या एका कंपनीने २०२३ साली, म्हणजे ७२ वर्षांनी, वारसांशी समझोता केला.

याच कथेची दुसरी बाजूही आहे. पोलिओ लसीच्या चाचण्यांसाठी लागणाऱ्या हेला पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचे काम १९५० च्या दशकात टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत झाले. ते करणारे तंत्रज्ञ व वैज्ञानिक कृष्णवर्णीयच होते. एकीकडे त्या समाजाचे शरीर न विचारता वापरले गेले, आणि दुसरीकडे त्याच समाजाचे शिकलेले हात सूक्ष्मदर्शकाशी पोहोचले. आम्हांस यातून एकच धडा दिसतो: जो समाज केवळ भिंगाखाली असतो त्याला कोणी विचारीत नाही, विचारणा व्हायची असेल तर त्याची माणसे भिंगापाशीही असावी लागतात.

हे बाल्टिमोरचे दुःख आहे असे कोणी समजू नये. आपल्याच बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा झाला की पैसे कापले जातात, पाळी व अंगावरचे दुखणे यांमुळे खाडा होतो, आणि कोणीतरी सांगते, "पिशवी काढून टाका." त्या बायांच्या लेकी आपल्या वसतिगृहात राहतात. कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे, हे त्यांच्या आयांना कोणी समजावून सांगितले होते?

"पोटाला भाकर नाही, अन् तुम्ही अंतराळातल्या पेशी काय सांगता?" असे पालक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही सिकलसेलचे उदाहरण देतो. विदर्भातील आदिवासींत व आपल्या बौद्ध समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षणीय प्रमाणात आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लेकरू वेदनेने तळमळते. दुसऱ्या निरोगी व्यक्तीची अस्थिमज्जा जुळली तर मूलपेशींचे रोपण करून तो बरा करता येतो. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत अशा उपचाराला मान्यता मिळाली की, ज्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्यांच्या जनुकात दुरुस्ती करून त्या परत दिल्या जातात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. आजार आपल्या घरात आणि उपचार अशा किमतीला, ही दरी कोण बुजवील? ज्याने आपल्या भावंडाला त्या वेदनेत पाहिले आहे तोच त्यासाठी जिवाचे रान करील, असे आम्हांस वाटते.

आणि अंतराळाचे म्हणाल, तर तेही निव्वळ दिखाव्याचे काम नाही. जमिनीवर काचेच्या भांड्यात पेशी तळाशी बसतात व चटईसारख्या पसरतात. शरीरात मात्र त्या चहूबाजूंनी एकमेकींना धरून असतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण संपलेले नसते. पण स्थानक सतत पृथ्वीभोवती 'पडत' असल्यामुळे त्यातील वस्तूंना वजन जाणवत नाही. तेथे पेशी तरंगतात आणि शरीरातल्यासारख्या गोळ्याने वाढू शकतात. मूलपेशींपासून केलेल्या हृदयपेशी २०१६ साली तेथे नेण्यात आल्या. २०२३ साली गुडघ्याच्या कूर्चेचा नमुना तेथे छापण्यात आला. औषधे, ऊती, पेशी यांचे अंतराळात उत्पादन करण्याचा हा उद्योग आज बाल्यावस्थेत व खर्चिक आहे. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या जैवतंत्रज्ञान धोरणात अंतराळ संशोधनाचा समावेश आहे, आणि २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. आज आठवीत असलेले मूल तेव्हा डॉक्टरेटच्या उंबरठ्यावर असेल. नवे क्षेत्र उघडत असतानाच आत जावे लागते. नंतर जागा वाटल्या गेलेल्या असतात.

येथे आम्हांस आणखी एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. नायजेरियातील कानो शहरात वाढलेल्या अब्बा झुबेर यांना लहानपणी अंतराळवीर व्हायचे होते. शाळेतील सल्लागाराने त्यांना समजावले की, आपला देश अंतराळात माणूस पाठवील त्याला फार काळ लागेल, तू दुसरे काही निवड. ते डॉक्टर झाले व पुढे अमेरिकेत फ्लोरिडातील मेयो क्लिनिकमध्ये मूलपेशींवर संशोधन करू लागले. पक्षाघातासारख्या आजारांवर उपचार करायचे तर मूलपेशी फार मोठ्या संख्येने लागतात; वजनरहित अवस्थेत त्या अधिक चांगल्या वाढतील काय, असा प्रश्न त्यांनी मांडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील मूलपेशी केनेडी अंतराळ केंद्राच्या ३९-अ या तळावरून अंतराळात गेल्या. चंद्रावर माणूस नेणारे अपोलो ११ तेथूनच उडाले होते, आणि २५ जूनला आपल्या मुलांनी पडद्यावर पाहिले तेही त्याच तळावरचे उड्डाण होते. अंतराळात वाढूनही त्या पेशींचे मूळ गुण टिकून राहिले, आणि प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरण्याची त्यांची ताकद जमिनीवरच्या पेशींहून अधिक आढळली.

या गोष्टीतील सल्लागार आम्हांस परका वाटत नाही, कारण तो सल्ला आम्हीही दिलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयातील एका हुशार मुलीने बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन संशोधन करावयाचे म्हटले होते. आम्ही तिच्या वडिलांसमोर म्हणालो, "बाई, आपल्या परिस्थितीला ते झेपायचं नाही. डी. एड. कर, दोन वर्षांत पायावर उभी राहशील." तिने ऐकले. ती आज चांगली शिक्षिका आहे, संसार सुखाचा आहे, भेटली की आदराने वाकते. तिने कधी तक्रार केली नाही. परंतु तिचा तो प्रश्न आम्हीच मिटवून टाकला, ही जाणीव आम्हांस अजून बोचते. आम्ही वाईट हेतूने बोललो नव्हतो. आम्ही गरिबीच्या हिशेबाने बोललो होतो, आणि तो हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत.

बाबासाहेबांनी मात्र तो हिशेब मान्य केला नव्हता. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की, केवळ कला व कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाची प्रगती होणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशातील शिक्षणाकरिता वर्षाला दोन लाख व परदेशातील शिक्षणाकरिता एक लाख रुपये शिष्यवृत्त्यांसाठी ठेवावेत, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः अर्थशास्त्र व कायद्याचे प्रकांड पंडित असलेल्या माणसाने हे मागितले होते. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि मराठवाड्यातील आमच्या आधीची पिढी त्यातून शिकून बाहेर पडली. त्या पिढीने शिक्षक, वकील, अधिकारी, लेखक दिले. आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु १९४२ च्या त्या मागणीचा विज्ञानाचा भाग आपण मनावर घेतला काय? आपल्या जयंतीच्या खर्चात, आपल्या ठरावांत, आपल्या सत्कारांत संशोधक किती वेळा येतो?

नोकरीची वाट सोडा, असे आम्ही म्हणत नाही. पोलीस भरतीतून, स्पर्धा परीक्षांतून अनेक घरांत चूल पेटली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक तुकडीतून निदान दोन-तीन मुले-मुली दीर्घ वाटेला लावण्याची जबाबदारी समाजाने घ्यावी. ती वाट लांब आहे: बारावीनंतर पदवी, पदव्युत्तर शिक्षण, डॉक्टरेट मिळून दहा-बारा वर्षे लागतात. परंतु ती बंद नाही. पुण्यात 'आयसर' ही विज्ञान शिक्षणसंस्था आहे. तिच्यासाठी बारावीनंतर स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, जे देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविते. संशोधन करणाऱ्यांसाठी 'बार्टी'ची व केंद्राची अधिछात्रवृत्ती आहे; परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या रकमा वेळेवर मिळत नाहीत, हे खरे. म्हणूनच मधले सहा-आठ महिने मुलाला सावरणारा हात लागतो.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी या वर्षी आणखी एक कमान वा आणखी एक फलक देण्याऐवजी संशोधन साहाय्य निधी उभारावा. त्यातून प्रवेश परीक्षांचे शुल्क, प्रवासखर्च आणि अधिछात्रवृत्ती रखडल्यास तात्पुरती मदत द्यावी. विद्यालयाला आमची विनंती आहे की, प्रयोगशाळेची किल्ली तपासणीच्या दिवसापुरती बाहेर काढू नये. रोज संध्याकाळी वंदना व अभ्यास यांच्या मधला एक तास ती मुलांसाठी उघडी ठेवावी. आपल्या गावात ग्रामीण भागासाठी काढलेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील ऊतिशास्त्राची काचपट्टी आपल्या नववीच्या मुलांनी वर्षातून एकदा पाहावी, यासाठी पत्रव्यवहार करण्यास आम्ही तयार आहोत. पालकांना विनंती आहे की, मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलावे लागले तरी तिच्या हातातील पुस्तक काढून घेऊ नये. आणि 'स्टेम सेलने लकवा, मधुमेह, सारे बरे' अशा जाहिरातींना भुलून कोणी जमीन गहाण टाकू नये. रक्ताच्या काही आजारांतील अस्थिमज्जा रोपणासारखे मोजके मान्य उपचार सोडले, तर बाकीचे बहुतांश अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहेत. ऐकीव गोष्ट तपासल्याखेरीज स्वीकारू नये, हे आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले गेले आहे.

त्या मुलाला आम्ही उत्तर देऊ म्हटले होते. सभागृहातील त्या दिवसानंतर आठवडाभराने आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांना गळ घातली व त्याच्या वर्गाला प्रयोगशाळेत नेले. प्रत्येकाने गालाच्या आतील बाजू काडीने हलकेच खरवडली, काचपट्टीवर निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या पेशी पाहिल्या. मध्ये गडद ठिपका, भोवती फिकट पसारा. तो मुलगा बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. मागच्या मुलांनी ओरडा केला तेव्हा बाजूला होत म्हणाला, "सर, उद्या पण उघडणार का?"

आम्ही हो म्हटले आहे. तो शब्द आता आपण सर्वांनी मिळून पाळावयाचा आहे.